पायी चालणारे

पाहुणे आले की वॉशिंग्टन दाखवायचंच, त्यामुळे तिथली युद्धस्मारकं मला पाठ झालीत आणि त्यांचा वीटही आलाय. त्या दुपारी आमची मंडळी लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर फोटो काढायला गेली आणि मी कोरियन युद्धाच्या स्मारकापाशी एका बाकावर टेकलो. शेजारी एक वयस्कर काका बूट काढून पोटऱ्या चोळत बसले होते. समोर झुडपांतून रेनकोट घातलेले पोलादी सैनिक वाकून चालले होते.

मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून काका म्हणाले, "सकाळपासून घोड्यावरचे सेनापती बघतोय. पायी चालणारे हे पहिलेच. मी पायदळात होतो."

"लढाई पाहिलीत?"

"चाललो फार."

इतक्यात त्यांची मुलगी आली. "बाबा, चला ना, बस मिस होईल."

त्यांनी सावकाश बूट चढवले. "ह्यांना कुणी बसा म्हणालेलं दिसत नाही," पुतळ्यांकडे बघत ते पुटपुटले. मग घरी आलेल्या माणसासाठी पुसावी तशी त्यांनी आपली जागा तळव्याने पुसली आणि मुलीमागून लंगडत गेले.

मीही उठलो. मला तिथे बसवेना.