वीकनेसवरचं टॉनिक

आमच्या घरात मला 'कस्टम' म्हणतात. भारतातून येणाऱ्या कुणाचीही बॅग मी उघडून पाहिल्याशिवाय आत जाऊ देत नाही, दुधाच्या बाटलीवरची तारीख दुकानातही वाचते आणि घरी आल्यावरही, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की याचं आपल्याकडे काय काम असेल, हाच विचार आधी डोक्यात येतो. नवरा या स्वभावाची यथेच्छ टिंगल करतो. पण गाडी घेताना किंवा मुलीची शाळा निवडताना मलाच पुढे ढकलतो.

त्यामुळे गाडीत लवंगेचा वास आला तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. अमिरातीतल्या फुजैरातला उन्हाळा होता. एसी लावला की जाळीतून आधी गरम हवा यायची आणि तिच्याबरोबर लवंग, जळकी साखर आणि आणखी काहीतरी. ते आणखी काहीतरी मला ओळखता येत नव्हतं.

"कसला वास आहे हा?"

"कसला? तुलाच येतात वास," नवरा म्हणाला.

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, यू आर सो पॅरानॉइड."

नवरा बंदराजवळच्या एका तेलाच्या टर्मिनलवर शिफ्टमध्ये काम करतो. जहाजांना इंधन पुरवायचं काम. आधी तो घरी यायचा तो गाजावाजा करत, लिफ्टमधूनच फोन करून चहा टाकायला सांगायचा. त्या उन्हाळ्यात तो उशिरा यायला लागला. विचारलं की म्हणायचा, काम वाढलंय. शिफ्ट मात्र वेळेवरच सुटत होती. हे मी त्याच्या एका सहकाऱ्याच्या बायकोकडून, सहज चौकशी केल्यासारखं दाखवून, काढून घेतलं होतं.

मग एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पार्किंगकडे लक्ष गेलं. आमची गाडी उभी होती, इंजिन चालू, एसीचं पाणी खाली ठिबकत होतं आणि नवरा आत नुसता बसलेला. माझी पोळी तव्यावर करपली तरी तो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खिडकीशी उभी राहिले. तेच. हातात फोनही नाही. फोन असता तर निदान संशयाला काही दिशा मिळाली असती. बाई असेल, पिणं असेल, नोकरी गेलेली असेल आणि लपवत असेल, असं सगळं मी मनात करून पाहिलं. सगळ्याच्या तळाशी एकच भीती होती, ती मी स्वतःशीसुद्धा पटकन कबूल करत नव्हते. याला आता घरी, माझ्याकडे, यायचंच नाहीये.

बाटली मला शोधावी लागली नाही. मुलीची पाण्याची बाटली सीटखाली घरंगळली होती, ती काढायला हात घातला तर दुसरीच हाताला लागली. तपकिरी काच, बुचाचं झाकण, निम्मी रिकामी. लेबलवर वेलबुट्टी आणि मिशाळ साहेबाचं चित्र. व्हिक्टोरियन काळातल्या मूळ कृतीनुसार बनवलेलं, मज्जातंतूंच्या थकव्यावर खात्रीचं, असं वळणदार इंग्रजीत लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत मेंदूचा शीण, निद्रानाश, अपचन, उदासी, पुरुषी जोम कमी होणं. म्हणजे एकाच चमच्याने झोप येणार आणि त्याच चमच्याने तरतरीही येणार. आत काय आहे, तर 'निवडक वनस्पती'. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, नुसतं एका ऑनलाइन पेजचं नाव. कागद मुद्दाम पिवळा पाडलेला होता, चहाचं पाणी लावल्यासारखा.

बूच काढून वास घेतला आणि ते आणखी काहीतरी ओळखू आलं. इंजेक्शनच्या आधी दंडाला चोळतात ना, ते.

तो कामावर गेल्यावर दुपारभर मी वाचत बसले. त्या काळी इंग्लंडात असल्या टॉनिकांचा सुळसुळाट होता. नसा दमल्या म्हणून लोक ती घ्यायचे. कशात चांगली कडक दारू असायची, कशात अफू, कशात थेंबभर विषसुद्धा. वाइनच्या ग्लासाला कधी शिवणार नाहीत अशा बायका जेवणाआधी दोन चमचे घेऊन प्रसन्न व्हायच्या. प्रसन्न होणारच. आता कुणीतरी तोच माल, नाहीतर त्याची नक्कल, परदेशात एकट्याने कुढणाऱ्या माणसांना विकत होतं, आणि गिऱ्हाइकांत माझा नवरा होता. त्यांच्या टर्मिनलच्या गेटवर कधीही श्वास तपासतात. रस्त्यावर पोलिसांनी धरलं तर इथे समजुतीची भाषा चालत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि पुढे सगळंच. मला त्याचा भयंकर राग आला.

तो वर आला तेव्हा बाटली टेबलावर ठेवलेली होती.

"हे काय आहे?"

"टॉनिक आहे."

"दारू आहे त्यात."

"काहीतरीच काय. औषधपण नाही ते, टॉनिक आहे म्हटलं ना. जरा वीकनेस वाटतोय. दोन चमचे घेतो, खलास."

त्याने 'वीकनेस' म्हटलं आणि माझा राग निम्मा उतरला, हेही खरं. आमच्याकडे हा शब्द इंग्रजी नाहीच. वीकनेस येतो. तापानंतर येतो, परीक्षेनंतर येतो, घरातलं लग्न उरकलं की येतो. सासरी छळ होणाऱ्या आमच्या एका आत्याला जन्मभर वीकनेसच होता. कुणी खोलात शिरत नाही. एक लालभडक सिरप आणतात आणि म्हणतात, अंगात ताकद येऊ दे. मन नावाचं काही दुखतंय, असं कुणालाच म्हणावं लागत नाही. मीही तेवढ्यावर थांबले असते. पण पार्किंगमधली गाडी डोळ्यांसमोरून हलत नव्हती, म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं. त्याला विचारूनच हे सगळं लिहिते आहे.

डॉक्टर इजिप्तचे होते, हसरे, घाईत असलेले.

"यस हबीबी, व्हॉट इज द प्रॉब्लेम?"

"वीकनेस, डॉक्टर."

डॉक्टरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "विच साइड? राइट ऑर लेफ्ट?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग जरा विचार करून म्हणाला, "फुल."

पुढे जे झालं ते आठवून आम्ही दोघं अजून हसतो. डॉक्टरांनी त्याला आपली बोटं घट्ट आवळायला लावली. डोळे मिटून हात पुढे धरायला लावले. मग टाचांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, गाल फुगवून दाखवायला सांगितलं. ज्याला आम्ही वीकनेस म्हणतो तो हा नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ते बिचारे लकवा शोधत होते. कंपनीच्या तपासणीतले रक्ताचे रिपोर्ट सोबत नेले होते, तेही त्यांनी पाहिले.

"एनी मेडिसिन यू टेक?"

"नो मेडिसिन," नवरा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. टॉनिक होतं ते.

मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, वास घेतला आणि त्यांचं हसू गेलं. यात काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, हे आजपासून बंद, असं त्यांनी बजावलं. मग त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बट नो वीकनेस. यू आर व्हेरी स्ट्राँग. खलास."

नवरा उठला. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. "बघ, काही नाहीये. यल्ला, चल."

मी उठले नाही. बाटली पकडली गेली होती, त्या दोघांच्या मते प्रकरण संपलं होतं, पण मला ते पटत नव्हतं. काय विचारायचं त्याला इंग्रजीत शब्द सापडेना, आणि खरं सांगायचं तर मराठीतही सापडेना. शेवटी जे रोज पाहत होते तेच सांगितलं. "डॉक्टर, ही कम्स इन पार्किंग. बट ही डझ नॉट कम अप. ही सिट्स इन द कार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याला पुन्हा बसायला सांगितलं. "व्हॉट डू यू डू इन द कार?"

"नथिंग." मग पुन्हा, "नथिंग, डॉक्टर."

मग तो डॉक्टरांकडे न बघता माझ्याशी मराठीत बोलायला लागला, इतक्या हळू की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. "यावंसं वाटत नाही गं. इंजिन बंद केलं की उतरावं लागतं, म्हणून बंद करत नाही. कामावर पोचल्यावरपण तसंच होतं. ते टॉनिक घेतलं की निदान उतरता यायचं."

"व्हॉट डिड ही से?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी सांगितलं. "ही सेज, ही डझ नॉट वॉन्ट टू कम होम."

"नॉट होम," नवरा म्हणाला. त्याने आता थेट डॉक्टरांकडे पाहिलं होतं. "एनीव्हेअर."

मग डॉक्टरांनी शांतपणे, आडपडदा न ठेवता, जगणं नकोसं वाटतं का, असं विचारलं. नवरा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, नेहमीसारखी, खोटं पकडायला.

"नो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली आणि दुबईतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला. माझा त्या 'नो'वर विश्वास बसत नव्हता. जन्मात कधी कुणावर विश्वास ठेवावासा वाटला नसेल इतका त्याच्यावर ठेवावासा वाटत होता, आणि जमत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी हात पुढे केला. म्हटलं, गाडीची किल्ली दे. त्याने काही न विचारता दिली.