वजन उचलणाऱ्या बाई

लातूरच्या आमच्या जिममध्ये दुपारी फारसं कुणी नसायचं. मी कंबरेच्या व्यायामासाठी जायचो, आणि त्या बाई यायच्या. साठीच्या, ओढणी कंबरेला घट्ट बांधलेल्या. पेसमेकर बसवल्यावर डॉक्टरांनी आता पुन्हा वजन उचलायला परवानगी दिलीय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी डंबेल घेण्याआधी त्यांचा हात डाव्या खांद्याखालच्या व्रणाकडे जायचाच.

"पोरगा पुण्याहून रोज फोन करतो, आई, काही उचलू नको," एकदा त्या म्हणाल्या. "मग पाण्याची बादली कोण उचलंल? घरात मी एकटीच हाय."

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "नुसतं जवळ उभं ऱ्हावा. हात लावू नका."

जमिनीवरचा बार त्यांनी दोन्ही हातांनी धरला, मांड्यांपर्यंत उचलला आणि आवाज न करता खाली ठेवला. मग त्या हसत वळल्या.

"बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं की!"

"बास. कुणीतरी बघाया पाहिजे होतं."

थोड्याच दिवसांत माझी नांदेडला बदली झाली. दुपार झाली की अजून वाटतं, आज त्यांना उचलताना कुणी बघितलं असेल का?