गच्चीवर उन्हात ठेवलेली गंगा

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. चार माणसांना रोज एका गच्चीवर उन्हात उभं करा, किस्से आपोआप साचतात! आमची गच्ची बनारसच्या एका कॉलेजातली. तिथे मी, माझी सीनियर शबनम आणि आमचे गाइड पांडे सर. चौथे माझे काका. ते अहिल्याबाई घाटावर पूजा सांगतात आणि गच्चीवर नसले तरी प्रत्येक किश्शात असतात.

काम सांगायला सोपं. आपण खाल्लेली अँटिबायोटिक्स सांडपाण्यातून नदीत जातात. त्या पाण्यात आमची पिवळी पावडर घालायची आणि ते उन्हात ठेवायचं. ऊन पावडरीला कामाला लावतं, पावडर औषध मोडून टाकते. गंगेच्या पाण्यावर हे जमलं, तरच माझी थीसिस पुढे जाणार होती.

*

एक बरणी आम्ही फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवतो, तुलनेसाठी. एकदा माकडाला वाटलं, आत पराठा आहे! त्याने फॉइल सोलली, पिवळं पाणी हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि निघून गेलं.

पांडे सर म्हणाले, "लो, पहला रिव्यूअर आया और बिना पढ़े रिजेक्ट कर गया!"

*

जानेवारीत बनारसला असं धुकं पडतं की सूर्य आठवड्याने एकदा हजेरी लावतो. मी घरी तोंड पाडून बसलेली. काका पहाटे घाटावर सूर्याला अर्घ्य देऊन आले.

"काका, सूर्य दिसला का?"

"नाही. पण माझं अर्घ्य रोज सुरू आहे. तुमच्याकडेच ऊन नाही तर छुट्टी!"

*

काकांना खोकला झाला होता. बरं वाटल्याबरोबर त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद केल्या. उरलेल्या कुठे गेल्या, म्हणून विचारलं.

"निर्माल्याबरोबर गंगेत सोडल्या. औषध म्हणजे धन्वंतरीचा प्रसाद, कूड्यात कसा टाकणार?"

म्हणजे मी जे बाहेर काढायला धडपडत होते, ते आमच्याच घरातून आत जात होतं! मी डोक्याला हात लावला. मग गोळ्या गंगेत का सोडायच्या नाहीत, ते काकांना समजावलं. तेव्हापासून उरलेली गोळी माझ्या हातावर ठेवतात. म्हणतात, "घे, तुझ्या पावडरीला नैवेद्य."

*

औषध खरंच मोडलं का, हे बघायला आम्ही जंतू पाळतो. काचेच्या ताटलीत जंतू पेरायचे, मधे आपल्या पाण्याचा थेंब ठेवायचा. औषध उरलं असेल तर थेंबाभोवतीचे जंतू मरतात. मोडलं असेल तर ते थेंबापर्यंत मजेत वाढतात. सगळं जग जंतू मारतं, आम्ही त्यांच्या जिवासाठी झुरतो!

औषध घातलेल्या साध्या नळाच्या पाण्यावर पहिल्यांदा जमलं, तेव्हा शबनम ऑटोतून फोनवर ओरडली, "सर, सब ज़िंदा हैं! एक भी नहीं मरा!"

ऑटोवाल्याने करकचून ब्रेक मारला. "मैडम, एक्सीडेंट कहाँ हुआ?"

*

मग फाल्गुनातलं कडक ऊन आलं आणि गंगेच्या पाण्याची पाळी आली. ताटली तयार झाली. ती रात्रभर उबेत ठेवायची, फैसला सकाळी. तेवढ्यात काका माझा विसरलेला डबा घेऊन लॅबमध्ये आले, आयुष्यात पहिल्यांदाच. मी वाकून पाया पडले.

"मला काय नमस्कार करतेस? जगायचं तर यांना आहे ना?" असं म्हणून त्यांनी झाकलेल्या ताटलीवर हात धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आयुष्मान् भव!"

सकाळी बघते तर जंतू थेंबाला अगदी भिडून वाढलेले! शबनमने मला गरागरा फिरवलं. सरांनी सगळ्यांना जिलेबी खिलवली. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

संध्याकाळी जिलेबी घेऊन घरी गेले. काकांनी आधी विचारलं, "आपले जंतू कसे आहेत?"

"मस्त वाढले, काका! थीसिस पुढे जाणार!"

"वा! मग आता ते कुठे आहेत?"

"फोटो काढले आणि नियमाप्रमाणे वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकले. सगळेच."

काकांनी हातातली जिलेबी ताटलीत परत ठेवली. दोरीवरचा पंचा खांद्यावर टाकला आणि घाटाच्या पायऱ्या उतरून सुतकाच्या अंघोळीला गेले.