सेन्सरचा बोल्ट आणि दत्ताभाऊ

आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत रविवारी कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात. गाडी नीट होवो न होवो, बॉनेट बंद होईपर्यंत एक किस्सा तयार! त्यातले निम्मे दत्ताभाऊंचे. नोकरी वाळूजला, शेती गावाकडं, अन् मनगटात एवढा जोर, की त्यांनी बंद केलेली नळाची तोटी घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही!

*

पहिल्यांदा त्यांनी इंजिनचा सेन्सर घरीच बदलला. बोल्ट करंगळीएवढा, पाना हातभर! शेजारचे सत्तारभाई ओरडले, "भाऊ, कुश्ती नई है ये!"

"ढिला राहायला नको," म्हणत भाऊंनी अजून एक हिसका दिला. कट्ट! बोल्टाचं डोकं हातात.

"बसला का?" मी विचारलं.

"लई पक्का बसला. आता निघायचाच नाय!"

*

मग सत्तारभाईंनी आपला टॉर्क रेंच दिला. ठरवलेला जोर लागला की हा पाना 'टक्' वाजतो, तिथंच थांबायचं. भाऊ गप्पा मारत आवळतच राहिले. वरच्या गॅलरीतून वहिनी ओरडल्या, "अहो, वाजलं! थांबा!"

"तुला वरून ऐकू आलं, मला कसं नाय आलं?"

"माझं तरी कुठं ऐकू येतं तुम्हाला!"

*

एकदा नॉक सेन्सर बसवताना सत्तारभाई म्हणाले, "भाऊ, हा इंजिनचा कान. ढिला ठेवला तर ऐकत नाय, जास्त आवळला तर भलतंच ऐकतो."

"म्हंजे आमच्या सुपरवायझरसारखाच की!"

*

भाऊंची वैशाली मेकॅनिकल डिप्लोमा झालेली. तिला पाहायला जालन्याचे पाहुणे, मुलगा अन् त्याची आई, रेल्वेनं मुकुंदवाडीला उतरले. त्याच सकाळी भाऊंनी सेन्सर साफ करून परत लावला होता. मोडायच्या भीतीनं बोल्ट जेमतेम आवळलेला. स्टेशनवर मीही सोबत होतो. पाहुणे गाडीत बसले अन् गाडी चालूच होईना! भाऊ चावी फिरवतच राहिले.

इस्त्रीच्या शर्टातला मुलगा उतरला, बॉनेटमध्ये डोकावला. "काका, सेन्सरचा बोल्ट ढिलाय." डिकीतला पाना घेऊन त्यानं आवळला.

"अजून एक हिसका दे!" भाऊ सवयीनं म्हणाले.

"नको काका, बास. आटे जातील."

चावी फिरवली, गाडी चालू!

भाऊंनी तिथूनच घरी फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर. "पोहे टाका! पोरानं सेन्सरचा बोल्ट बसवला, गाडी चालू! पोरगा पसंत हाय!"

"अहो, पोरीनं पाह्यला कुठं अजून?" वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात वैशालीचा आवाज आला, "बाबा, त्यांना विचारा, आधी बोटानं फिरवून आटे जुळवले, का डायरेक्ट पाना लावला?"

मुलगा हात पुसता पुसता थांबला. गाडीत वाकून म्हणाला, "आई, मला पसंत हाय."