सातपूरचा दिलीप आणि दोन खाती

नाशकात मी व्यसनमुक्तीच्या खात्यात समुपदेशक आहे. मानसिक आरोग्याचं खातं वेगळं. दोघांचा मेळ बसावा म्हणून एक समन्वय समिती आहे आणि तिथे मलाही बसवलंय. या समितीतून ठराव निघतात थोडे, किस्से मात्र चिक्कार. घरी सांगितले की मंडळी हसतात. मीही हसते, पण हल्ली मध्येच थांबते.

*

आधी सोपा सांगते. दारूच्या दुकानांचे परवाने बघणारे एक साहेब समितीत आहेत, स्वभावाने फार गोड. एकदा बैठक संपली, सगळे उठले, साहेब जागचे हलेनात. विचारलं तर म्हणाले, "आता इथंच आमची मीटिंग आहे. दारूचा महसूल का घटला म्हणून." मग खुर्चीवर हात थोपटत म्हणाले, "मॅडम, खरा समन्वय या खुर्चीत होतो!" मागे नशामुक्तीचा बॅनर तसाच होता.

*

कळवणकडच्या एका गावात शिबिर होतं. मंगळवारी मानसिक आरोग्याची गाडी जाऊन आली, बुधवारी आमची गेली. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कालच येऊन गेलं ना तुमचं सरकार?"

"ते वेगळं खातं, आजी. ते मनाचं बघतात, आम्ही दारूचं."

"आता सरकारच्या बी वाटण्या झाल्या काय?"

आम्ही सगळे हसलो. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा पोरगा झोप येत नाय म्हणून पितो. त्याला काल दाखवायचा व्हता का आज?"

झोपेचं औषध देणारे डॉक्टर कालच्या गाडीत होते.

*

दिलीप सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. त्याच्या कानात आवाज यायचे, ते दबावेत म्हणून तो प्यायचा. बायको मंगल स्वतःचं काम बुडवून त्याला घेऊन यायची. मानसिक आरोग्यवाले म्हणत, "आधी दारू सोडवा, मग बघू." आमच्याकडे आली की आमचे डॉक्टर म्हणत, "आवाज येतात ना? मग आधी तिकडे दाखवा." दोन इमारतींच्या मध्ये फक्त एक चहाची टपरी. एक दिवस मंगल तिथेच मटकन बसली. "ताई, अर्धा इकडं नि अर्धा तिकडं आणू का? माणूस एकच हाय माझा."

मी हे समितीत मांडलं. सगळे हळहळले, चहा आला आणि एक उपसमिती नेमली गेली. समन्वय समितीत समन्वय राहावा म्हणून.

*

उपसमिती एकदाही बसायच्या आत दिलीपने जीव दिला.

पुढच्या बैठकीत प्रश्न निघाला, हा मृत्यू कोणाच्या अहवालात घ्यायचा? मानसिक आरोग्यवाले म्हणाले, मुळात दारूची केस. आमचे म्हणाले, मुळात मनाची. कधी कशावर न जुळलेली दोन खाती त्या दिवशी एका गोष्टीवर जुळली, की तो आमचा नव्हता. मला रडू आवरेना. पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर गेले.

*

त्यानंतर मात्र सूत्रं हलली. दर गुरुवारी एकाच खोलीत दोन्ही खात्यांचे डॉक्टर बसणार असं ठरलं. पहिल्या गुरुवारी फीत कापली, पेढे वाटले. रुग्ण कोणीच नव्हता. दुपारी दारात मंगल उभी राहिली. वाटलं, भांडायला आली असेल. भांडावंच तिने.

तिच्यामागे तिची शेजारीण होती. शेजारणीने नवऱ्याचा दंड धरला होता. त्याचे डोळे तांबारलेले, आणि तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता.

आमच्या डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "आवाज येतात का?" शेजारच्या टेबलावरून त्याच वेळी प्रश्न आला, "पितो का?"

मंगलने शेजारणीला हलकेच पुढे केलं. स्वतः उंबऱ्याबाहेरच राहिली.

"दोघंबी बसलाय ना आता, साहेब?" ती म्हणाली. "मग हा कोणाचा, ते तो जिता हाय तवर ठरवा."