अकराला स्वच्छ होणारी विहीर

मंगळवार, ११ एप्रिल १९७८, सकाळचे साडेसहा. टेंभुर्णीच्या शिवारातल्या त्या विहिरीकडे मी निघाले होते, आणि या खेपेस येण्याची खबर मी कोणालाही दिलेली नव्हती.

विहीर बौद्ध वस्तीतल्या एका शाळामास्तरांची. दुसऱ्याच्या विहिरीवर घरच्या बायकांना ताटकळावे लागू नये, म्हणून त्यांनी ती खणवून घेतली होती. वरच्या चढावर पेट्रोल पंप. पंपाची जमिनीतली टाकी झिरपते आणि पेट्रोल आपल्या पाण्यात उतरते, अशी मास्तरांची तक्रार होती. सरकारी प्रयोगशाळेबाहेरचे काम मिळावे म्हणून वर्षभर भांडल्यावर माझ्याकडे आलेले हे पहिलेच प्रकरण. याआधी दोनदा मी आगाऊ कळवून अकरा वाजता आले होते. काचेची नळी पाण्यात उभी सोडून वरच्या तवंगाची जाडी मोजायची, एवढीच रीत. दोन्ही वेळा शून्य. तिसरे शून्य आले असते तर तक्रार निकालात निघाली असती आणि मास्तर खोटे ठरले असते.

पंपमालकाने तर निकाल आधीच दिला होता. "बाई, भरपाई पाह्यजे त्याला. दुसरं काय न्हाई!"

माझा विश्वास दोघांवरही नव्हता. दोन्ही खेपांना विहिरीच्या खालच्या पायऱ्या ओल्या होत्या, कोणी नुकतेच उतरून गेल्यासारख्या. आणि शून्य ऐकून मास्तरांच्या पत्नी चक्क समाधानाने हसल्या होत्या. तक्रारदाराच्या घरात शून्याचा आनंद का व्हावा? त्यांचे पंपमालकाशी परस्पर जुळले असावे, असा तर्क मी बांधला होता.

आज मास्तरांच्या पत्नी खालच्या पायरीवरच सापडल्या. जुने लुगडे पाण्यावर पसरून, ओढून, बादलीत पिळत होत्या. पेट्रोलचा उग्र वास वरपर्यंत येत होता.

"अगं बाई! तुमी तर अकराला येता ना?"

"वहिनी, हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय?"

"कोन सांगणार? मास्तर सकाळच्या शाळेला गेलेत. तवंग काढून राह्यले, रोजच काढते. तुमी येनार म्हनलं की अकराच्या आधी परत. मागल्या दोन्ही टायमाला तुमी आमचं पानी घेतलं न्हाई, बाटलीतलंच पिल्या. म्हनलं, वासानं असंल. मंग आणखी घासून काढलं."

"वासानंच. पेट्रोल पोटात जाऊ नये म्हणून."

त्यांनी मला नीट न्याहाळले. मी नळी न्याहाळते तसे. "खरं? आमाला दुसरंच वाटलं."

हा संशय खोडायला माझ्याकडे पुरावा नव्हता. मी त्यांना उरलेला तवंगही काढायला सांगितला आणि पंपमालकाला बोलावणे धाडले. आता विहिरीला कोणी हात लावणार नव्हते. कोणी वरून ओतले असेल, तर पाणी असेच स्वच्छ राहील; जमिनीतून झिरपत असेल, तर थर आपोआप पुन्हा धरेल.

तो बिडी ओढत आला. काठापासून दहा पावलांवर थांबला, बिडी चपलेखाली चिरडली आणि मगच पुढे झाला. "काय बाई, आज लई जल्दी?"

"बिडी का विझवलीत?"

"सवय. पंपावरची."

"ही विहीर आहे."

"पाऊसकाळात तर ह्याच काठावर बसून वढायचे की भाऊ," वहिनी म्हणाल्या. "आमी उठा म्हनलं तरी उठत नव्हते. आता लांबूनच इझवता?"

पाणी उपसायच्या इंजिनातले डिझेल सांडले असेल, असे काहीतरी तो पुटपुटला. मी टीपकागदावर बादलीतला थेंब टाकला. डिझेलचा तेलकट डाग राहतो. हा थेंब उडून गेला, कागद कोरा. तो कागदाकडे न बघता विहिरीकडे बघत बसला. उठून मात्र जाईना.

मी माझी बाटली वहिनींपुढे ठेवली. "या पाण्याचा चहा करा. पण चूल घरातच पेटवा, इथं नको. आणि तुमच्याच कपांत द्या." तो आम्ही दोघींनी प्यायला. पंपमालकाने नको म्हटले.

अकरा वाजता त्याच्या देखत नळी सोडली. पाण्यावरचा थर : दीड मिलिमीटर.