यात्रा झाली की येतो

“आण्णा, हनुवटी इथं टेकवा. कपाळ पट्टीला लावा. समोरच्या हिरव्या ठिपक्याकडं बघा आणि पापणी हलवू नका.”

“निशाण धरल्यावर मी कवा पापणी हलवलीय का रं?”

फ्लॅश पडला. फोटो स्क्रीनवर आला आणि माझा पुढचा जोक तोंडातच राहिला.

मी जुन्नरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात फोटोग्राफर आहे. लग्नाचे नाही, डोळ्याच्या आतले फोटो काढतो. ओतूरच्या शाळेत मी सगळ्या सरांच्या नकला करायचो, त्याबद्दल प्रत्येक सरांकडून वेगळा मार खाल्लाय. आता तीच कला कामाला येते. म्हातारी माणसं मशीनला घाबरतात. मग मी बैलगाडा शर्यतीतल्या निवेदकाचा आवाज काढतो, “आणि आता कॅमेऱ्यावर येत आहेत, पाहुण्या मंडळींनी रस्ता द्यावा!” माणूस हसतं, मान सैल सोडतं, फोटो चांगला येतो.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला रेटिना म्हणतात. आपण बघतो ते चित्र तिथं उमटतं. बाकी सगळ्या शरीराला झाकण आहे, इथं तेवढी काच आहे. कुठं न कापता रक्ताच्या नळ्या सरळ डोळ्यांनी दिसतात. बीपीनं, शुगरनं आत काय उद्योग करून ठेवलेत, ते इथं कळतं. चांगला रेटिना केशरी चंद्रासारखा दिसतो, त्यावर झाडाच्या मुळ्यांसारख्या लाल नळ्या.

आण्णांच्या चंद्रावर लाल शिंतोडे उडालेले होते. मधून मधून पिवळे डाग. आणि कडेला बारीक नळ्यांचं जाळं, केसांचा गुंता पडावा तसं.

आता आण्णा कोण, ते सांगतो. बबनआण्णा म्हणजे जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या घाटांवरचं वरचं निशाण. आमच्याकडं शर्यतीचा गाडा चढाला पळतो, त्या चढाला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि शर्यत घड्याळाशी असते. वरच्या टोकाला चुन्याची रेघ. बैल रेघेवर आले की तिथला माणूस निशाण पाडतो, म्हणजे हातातला झेंडा खाली आणतो. तो पडला की घड्याळ बंद. डोळ्याचं पातं लवेल एवढ्या फरकानं नंबर जातो आणि नंबर गेला की काठ्या निघतात. म्हणून तिथं असा माणूस लागतो की त्याच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. आण्णा गुडघा टेकून बसायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्यानं रेघेवर नेम धरायचे. त्यांनी निशाण पाडलं की गाडामालक तोंडातून शब्द काढायचे नाहीत. ओतूरपासून पेठपर्यंत हाच रिवाज.

“मी आलो चष्म्याला,” आण्णा म्हणाले, “आन् ह्यानं डोळ्यात थेंब टाकून मला आंधळा करून ठिवलाय. सगळं धुरकाट झालं.”

“चार-पाच तासांत उतरेल ते. बाहुली मोठी केली, आतलं दिसावं म्हणून.”

त्याआधी त्यांनी भिंतीवरचा तक्ता सगळा वाचला होता. खालची बारीक ओळ वाचली, त्याच्या खालचं छापखान्याचं नावही वाचलं. त्यांच्यासोबत यात्रा कमिटीचे अध्यक्ष दत्ताशेठ आले होते. ते तर टाळ्याच वाजवायचे बाकी होते. “बगा! साठी वलांडली, पर घारीची नजर!”

मॅडम दर गुरुवारी पुण्याहून येतात. रेटिनाच्या डॉक्टर आहेत, कमी बोलतात. त्यांनी फोटो बघितला आणि खुर्ची पुढं ओढली.

“शुगर किती वर्षं आहे?”

“हाय किरकोळ. गोळी घेतो आठवण झाली की. साखर बंदच केलीया. गुळाचा च्या पितो.”

आमच्याकडं गुळाला कुणी साखर मानत नाही. माणूस छाती ठोकून सांगतं, साखर सोडली, आणि दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा.

मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. मी मध्ये बोललो, कारण मॅडमचं मराठी पुस्तकातलं आहे. “आण्णा, ठिबकची नळी चोक झाली की पुढच्या रोपाला पाणी मिळत नाही. तसं झालंय. पडद्याला रक्त मिळंना, म्हणून डोळ्यानं स्वतःच नव्या नळ्या टाकल्यात. पण ह्या नळ्या लई कच्च्या. कधी फुटतील सांगता येत नाही.”

“फुटल्या तर?”

“डोळ्यात रक्त उतरेल,” मॅडम म्हणाल्या. “उजव्यात जास्त आहे. ह्याच आठवड्यात लेझर सुरू करू. आणि लघवीची, रक्ताची तपासणी करा. पडद्यावर हे दिसतं तेव्हा किडनीच्या बारीक नळ्याही तपासाव्या लागतात.”

“आवो, मी डोळं दावाया आलो, तुमी किडनीवर कुठं गेला?”

“डोळ्यातूनच गेले.”

आण्णांनी टोपी सारखी केली. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. “लेझर केल्यावर लगीच स्पष्ट दिसल का?”

मॅडम खोटं बोलत नाहीत. “काही दिवस अंधुक वाटू शकतं. लेझर नजर वाढवायला नाही, आहे ती टिकवायला असतं.”

इथं दत्ताशेठ पुढं झाले. “मॅडम, यात्रा तोंडावर आलीया. ह्या टायमाला वरच्या-खालच्या दोन्ही वाड्यांचं गाडं हायेत. आण्णा रेघंवर नसलं तर डोकी फुटत्याल, डोळं सोडा. यात्रा झाली की लगीच मी सवता गाडीत घालून आणतो.”

“नळ्या यात्रेपर्यंत थांबतील असं मी सांगू शकत नाही.”

“दिसतंय ना पर त्यास्नी! आत्ता तुमच्यासमूर वाचलं की सगळं!”

हीच ती चूक. हा आजार दुखत नाही, खुपत नाही आणि शेवटपर्यंत तक्ता वाचू देतो. दिसतंय म्हणजे डोळा चांगला, असं सगळे धरून चालतात. आणि आमच्याकडं यात्रेआधी काहीच होत नाही. दाढ काढायची, यात्रा झाली की. हर्निया, यात्रा झाली की. सोयरीक मोडायची, तीसुद्धा यात्रा झाली की, उगाच पाहुण्यांसमोर नको.

आण्णा उठले. “मॅडम, मी गावाला शबुद दिलाय. यात्रा झाली की येतो.”

दोन दिवसांनी मी त्यांना फोन लावला. निवेदकाचा आवाज काढला, “लेझरचा गाडा घाटात जुंपलेला आहे, बबनआण्णांनी त्वरित निशाणावर यावं!” आण्णा पोट धरून हसले. मागून त्यांची मंडळीही हसली. “लई बेणं हायेस,” म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या नकलेला एवढा रिस्पॉन्स कधी मिळाला नव्हता. उपयोग शून्य.

यात्रेला मी गेलो. सुट्टी होती आणि आण्णांकडं जीवही लागला होता. वैशाखाचं ऊन. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं, वर मंडपात कमिटी आणि निवेदक. आण्णा पांढऱ्याशुभ्र टोपीत रेघेवर. सकाळपासून सगळं ठीक चाललं होतं. फक्त ते सारखे तोंडासमोर हात हलवत होते, माशी हाकलावी तसे. मी रेघेपासून हाकेच्या अंतरावर होतो. तिथं माशी नव्हती.

डोळ्यात रक्त झिरपायला लागलं की आधी अशाच माश्या दिसतात, काळे धागे तरंगतात. गर्दीतून वाट काढत मी निघालो, तेवढ्यात खालून गाडा सुटला.

वरच्या वाडीचा तो गाडा. बैल पाखरासारखे आले. निवेदक ओरडत होता, “आली, आली, आली!” रेघ ओलांडली, धुरळा उडाला, बैल पुढं निघून गेले. निशाण वरच होतं. मग आण्णांचा हात खाली आला, पाणी ओतावं तसा हळू.

त्यानंतर जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. थोडंसं लिहितो.

“म्हातारं पिऊन आलंय!”

“पिऊन न्हाई, खाऊन आलंय! खालच्या वाडीकडनं किती घेतलं रं?”

“टोपी काढ त्याची!”

मी पोचलो तेव्हा आण्णा गुडघा टेकून तसेच बसले होते. मी हाक मारली, आवाजावरनं त्यांनी मला ओळखलं. “पोरा, ह्यो धूर कुठून आला? काय पेटलंय का?”

“काही पेटलं नाही आण्णा. डावा डोळा उघडा.”

त्यांनी उघडला. त्यानं थोडं दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, घाटाकडं बघितलं, वरनं येणाऱ्या पोरांकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं.

“मी माइकवर सांगतो,” मी म्हणालो. “डोळ्यात रक्त उतरलंय म्हणून सांगतो.”

त्यांनी माझं मनगट धरलं. “न्हाई सांगायचं. डोळा गेला म्हणलं, की सकाळधरनं मी पाडलेली सगळी निशाणं खोटी ठरत्याल. आत्ता एका गाड्याचं भांडण हाय. मग साऱ्यांचं व्हईल. रगत सांडंल.”

“आणि तुम्हाला काय काय म्हणताहेत ते?”

“म्हणू दे.”

दत्ताशेठ मंडपात उभे होते. फोटो बघितलेला, मॅडमचं ऐकलेला त्या घाटावर माझ्याशिवाय हा एकच माणूस. त्यांनी माइक घेतला. मला वाटलं, बोलतील काहीतरी. नुसतं ‘तब्येत बरी नाही’ म्हणाले असते तरी चाललं असतं.

“मंडळी, शांत ऱ्हावा. पंचाकडून चूक झालेली हाय. कमिटीचा त्याच्याशी काय संबंध न्हाई. गाडा पुन्यांदा पळंल. निशाणाला दुसरा माणूस दिलेला हाय.”

आण्णांनी झेंडा जमिनीवर ठेवला. मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून घाटाच्या मागच्या बाजूनं काढलं. एक ढेकूळ माझ्या पाठीला लागलं, एक त्यांच्या. वाटेत ते एवढंच म्हणाले, “टोपी हाय का डोक्यावर?” होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुण्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतलं रक्त काढलं, पण तोवर आतला पडदा ओढला जाऊन जागेवरनं सुटला होता. आता त्या डोळ्यानं बोटं मोजता येतात, तीही जवळून. डाव्याला लेझर केलं, तो वाचला. लघवीतनं प्रोटीन जात होतं, म्हणजे किडनीपर्यंत गोष्ट गेली होती. गोळ्या सुरू झाल्या, बीपीही निघालं. किडनी सध्या जागेवर आहे. मॅडम म्हणतात, त्या फोटोवर तेव्हाच हललो असतो तर उजवाही बहुतेक टिकला असता. त्या बहुतेक म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो.

आण्णांनी गुळाचा चहा सोडला. घाट त्यांना सोडावा लागला. कुणी बोलावत नाही. वरच्या वाडीत अजून त्यांचं नाव पैसे खाल्लेला पंच म्हणून घेतात. दवाखान्याचे कागद आहेत, खरं काय ते सांगता येतं, पण आण्णा सांगू देत नव्हते. परवा तपासणीला आले तेव्हा म्हणाले, “आता लिही. निकाल जुना झाला, बक्षिसं वाटून झाली. पर नाव माझं घालू नको. बबन घाल. मला ल्हानपणापासनं ते नाव आवडतं.” म्हणून बबनआण्णा. गाव मी सांगणार नाही. दत्ताशेठचंही नाव खरं नाही.

पण दत्ताशेठ खरे आहेत. मागच्या गुरुवारी आले होते, चष्म्याचा नंबर काढायला. तक्ता सगळा वाचला. मी थेंब टाकले, फोटो काढला. केशरी चंद्रावर लाल शिंतोडे, कडेला बारीक जाळं. मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली, तेच सगळं सांगितलं. मी ठिबकची नळी सांगितली.

“अरे, मला तर झ्याक दिसतंय,” ते म्हणाले.

“आण्णांनाही दिसत होतं, शेठ.”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला, कमिटीतल्या कुणाचा तरी. यंदा निशाणाला माणूस ठेवणार नाहीत म्हणे, दोन खांबांत किरण बसवणार आहेत, बैलांनी तो तोडला की घड्याळ आपोआप बंद. मशीनला शुगर होत नाही. ते फोनवर बोलत बोलत उठले, दारात थांबले आणि मॅडमना हात जोडले.

“यात्रा झाली की येतो.”

मी सगळ्यांच्या नकला करतो. मॅडमची करतो, आण्णांची त्यांच्यासमोर करतो. दत्ताशेठचं हे वाक्य काढायला मात्र मला काहीच करावं लागत नाही. ओपीडीत रोज कुणीतरी ते आयतंच म्हणून जातं, त्याच आवाजात.

डोळ्यानं दिसतंय तोवर डोळा दाखवायचा असतो. दिसायचं बंद झाल्यावरही आम्ही फोटो काढतो, पण तो तुम्हाला वाचून दाखवावा लागतो.